सोडायला गेलो, नागोयाला पोचलो

गाडी सुटली तेव्हा मी तिच्यात असायचं काहीही कारण नव्हतं. माझ्याकडे तिकीट नव्हतं, पाकीट नव्हतं, फोन नव्हता आणि पायांत बूटही नव्हते. हॉटेलच्या खोलीत फुकट मिळतात त्या पांढऱ्या सपाता होत्या. अंगात बर्म्युडा आणि टीशर्ट, हातात बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. अशा अवतारात माणूस फार तर शेजारी विरजण मागायला जातो. मी बुलेट ट्रेनने मुलीच्या होणाऱ्या सासरी निघालो होतो!

आम्ही राहतो चँडलरला, म्हणजे ॲरिझोनात. इथे बाहेर पडायचं म्हणजे गॅरेजचं दार वर करायचं आणि पोचायचं म्हणजे पार्किंग शोधायचं. मधे जे काही असतं तो एसी. इतकी वर्षं झाली, मी इथे कुणालाही गाडीत बसवून दिलेलं नाही. विमानतळावर सोडायचं तर कार कडेला घ्यायची, सूटकेस उतरवायची, मिठी मारायची, की मागून पोलीस हातवारे करतो. याला काय निरोप म्हणतात? ही तर डिलिव्हरी झाली.

निरोप पाहावा तो आमच्या जळगावचा! कुणी परगावी निघालं की अर्धी आळी स्टेशनवर. सोडायला आलेल्याने फलाटावर उभं राहणं म्हणजे माया कमी असल्याची खूण. आपण डब्यात चढायचं, ट्रंक बाकाखाली सरकवायची, पंखा चालतो का बघायचं (चालत नसे), खिडकी उघडते का बघायचं (उघडे, आणि मग बंद होत नसे) आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या प्रवाशाची चौकशी करायची. ‘कुठवर? नाशिक का? वा! आमचे साडू असतात तिथे. जरा आमच्या पोरीकडे लक्ष ठेवा हं.’ तो अनोळखी माणूस मग उतरेपर्यंत आमच्या पोरीचा मामा होऊन बसायचा. गाडी हलली, की शेवटची सूचना देत देत सावकाश खाली उतरायचं. गाडीही समजूतदार असायची. पोरीच्या बापाने पाय जमिनीला टेकवेपर्यंत ती काही वेग घ्यायची नाही.

हे सगळं रक्तात असलेला माणूस जपानला जाऊ नये. पण आमची ईरा तिथे होती. ईरा जन्मली, वाढली इथे ॲरिझोनात आणि नोकरीला गेली ती थेट योकोहामाला. तिथे तिला ताकुमी भेटला. ताकुमी मूळचा नागोयाचा. घरी वडील आणि आजी. आई काही वर्षांपूर्वी वारलेली. दोघांचं लग्न करायचं ठरलं होतं, म्हणजे दोघांनी ठरवलं होतं. प्रश्न होता वडिलांचा, ओगावा-सानांचा. (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’.) ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. ते काहीच म्हणत नसत. एकुलता एक मुलगा, परदेशी सून, उद्या दोघं उठून अमेरिकेला गेली तर? गप्प बसणाऱ्या बापाच्या मनात हेच चाललेलं असणार, असं ईराला वाटत होतं, आणि त्या भीतीने ती दोन महिने नीट झोपली नव्हती.

तिने बेत आखला होता. ताकुमी गुरुवारीच घरी जाणार आणि त्या शुक्रवारी ती एकटी नागोयाला जाणार. ओगावा-सान आणि आजी यांना पहिल्यांदा भेटणार. सगळं नीट पार पडलं तर रविवारी मी आणि माझी बायको वृंदा नटूनथटून जेवायला जाणार.

“आम्ही आधीच आलो तर काय बिघडलं?” मी विचारलं होतं.

“बाबा, फर्स्ट इम्प्रेशन आहे. तुम्ही बोलता.”

“मग बोलू नको?”

“तुम्ही खूप बोलता. ओगावा-सान इज अ क्वाएट पर्सन. प्लीज, लेट मी गो फर्स्ट.”

मी समजूतदारपणे मान हलवली. माझी मान समजूतदार आहे. बाकीच्या शरीराची मी हमी देत नाही.

जपानात उतरल्यावर मला कळलं, की तिथे आधी स्टेशन बांधतात आणि उरलेल्या जागेत शहर. पहिल्या दिवशी योकोहामा स्टेशनातून बाहेर पडायला निघालो तर मोज्यांच्या दुकानात शिरलो. त्यातून बाहेर आलो तर मासळी. मासळीतून जिना चढलो तर पियानो विकायला ठेवलेला. अर्धा तास चालून मी ईराला फोन केला, “आम्ही शहर बघतोय, छान आहे.” ती म्हणाली, “बाबा, यू आर स्टिल इन द स्टेशन.” प्रत्येक शहराच्या स्टेशनवर त्या शहराचा असा वेगळा जेवणाचा डबा मिळतो, गाडी सुटताना बारीकशी धून वाजते आणि लोक रांगेत उभे राहतात ते फलाटावर आखलेल्या रेषेवर. गाडीचं दारही बरोबर त्या रेषेवरच येतं! चँडलरमध्ये मला स्वतःची कार दोन रेषांच्या मधे लावता येत नाही. मी दर स्टेशनवर तोंडाचा आ वासून उभा राहायचो आणि लोक शांतपणे माझ्या दोन्ही बाजूंनी जायचे.

ईराची खोली आमच्या गॅरेजपेक्षा लहान, म्हणून आम्ही शिन-योकोहामाला, बुलेट ट्रेनच्या स्टेशनालगत, हॉटेलात उतरलो होतो. शुक्रवारी सकाळी ईरा सूट घालून, केस बांधून, सुंदर कागदात गुंडाळलेला बिस्किटांचा खोका घेऊन निघाली. आम्ही तिला सोडायला. रस्ता ओलांडला की स्टेशन. एवढ्यासाठी बूट कोण घालतं? टीशर्टही रात्रीचाच होता. छातीवर ॲरिझोनातला मोठा निवडुंग आणि त्याच्या सावलीत आरामखुर्चीवर बसलेला हाडांचा सापळा. खाली इंग्रजीत लिहिलेलं, ‘पण उष्णता कोरडी आहे’. उकाड्याची तक्रार केली की आमच्याकडे हेच उत्तर मिळतं, म्हणून हे विनोदी समजतात.

आत जायला प्लॅटफॉर्म तिकीट मिळतं हे बघून तर मला भरून आलं. जळगाव आणि जपान, दोन्हीकडे माणसाला सोडायला जायची किंमत कळते! माझा फोन आणि पाकीट वृंदाच्या पर्समध्ये. (मी वस्तू हरवतो म्हणून परदेशात तीच सगळं सांभाळते. भारतात आणि अमेरिकेतही तीच सांभाळते.) जिना चढताना तिने मला कोपराने ढोसलं.

“अहो, हा डबा तिच्या बॅगेत हळूच सरकवा.”

“ती नको म्हणाली ना?”

“ती म्हणते बिस्किटं पुरे. पहिल्यांदा जातेय पोर, दुकानातली बिस्किटं घेऊन? लोक काय म्हणतील, आईला काही येतं की नाही? रात्री हॉटेलात हात धुऊन सगळे लाडू परत घट्ट वळलेत मी.”

चँडलरहून आणलेले लाडू होते ते. विमानात थोडे खचले होते. आता बायकोची आज्ञा आणि जळगावची परंपरा, दोन्ही एकाच दिशेने ढकलायला लागल्यावर माझ्यासारख्याने काय करावं!

गाडी आली. दार आमच्या नाकासमोर उघडलं.

“ओके, बाय आई, बाय बाबा. आत यायचं नाही हं. गाडी एकच मिनिट थांबते.”

“मिनिट पुष्कळ झालं. बॅग वर ठेवतो आणि उतरतो.”

“आय कॅन लिफ्ट माय ओन बॅग!”

पण तोवर बॅग माझ्या हातात होती आणि मी आत होतो. बॅग वर ठेवली. चेन उघडायला गेलो, ती अडकली. डबा बगलेत धरून दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना. आणि तेवढ्यात माझं लक्ष ईराच्या शेजारच्या सीटकडे गेलं. साठीच्या एक बाई, मांडीवर जेवणाचा डबा, चेहरा अगदी मावशीसारखा. आता तुम्हीच सांगा. शेजारी मावशी बसली आहे आणि तिला सांगायचंच नाही?

“नागोया?” मी विचारलं.

“हाय,” त्या म्हणाल्या. म्हणजे हो.

“माय डॉटर,” मी ईराकडे बोट दाखवलं. “अलोन. फर्स्ट टाइम. प्लीज...” आणि दोन बोटांनी आधी स्वतःचे डोळे दाखवून मग ईराकडे रोखली. लक्ष ठेवा हं!

ईरा अठ्ठावीस वर्षांची आहे. या गाडीने ती महिन्यातून दोनदा ऑफिसच्या कामाला जाते. तिच्या हाताखाली नऊ इंजिनियर आहेत. तिने डोळे मिटून घेतले.

त्या बाई मात्र उठून उभ्या राहिल्या, गंभीरपणे कमरेत वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. जबाबदारी घेतली! मला इतकं बरं वाटलं की मीही वाकलो. मी वाकलो म्हणून त्या परत वाकल्या. मग मी. जपानात हे थांबवायचं कुणी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा बाहेरची धून संपली होती आणि दार बंद झालं होतं. अगदी हळू, एकही धक्का न देता.

खिडकीबाहेर वृंदा हसत हात हलवत होती. मीही हलवला. निरोपाला हात हलवायचा ही जुनी सवय. मग तिचा हात हवेत थांबला. मग माझा. ती काहीतरी ओरडली, पण जपानी काच आवाज आत येऊ देत नाही, आणि त्या एका गोष्टीबद्दल मी त्या देशाचा कायमचा ऋणी आहे.

ईराने फोन लावला.

“आई, बाबा ट्रेनमध्ये आहेत.”

“दिसलं मला! पुढच्या स्टेशनवर उतरव त्यांना.”

“आई, पुढचं स्टेशन नागोया आहे.”

“म्हणजे मधे काहीच नाही?”

“मधे माउंट फूजी आहे. तिथे थांबत नाही.”

पलीकडून आवाज, “ईरा, त्यांनी तो सापळ्याचा टीशर्ट घातलाय ना गं?”

“हो.”

“आणि सपाता?”

“हो.”

“आणि डबा? डबा ठेवला का बॅगेत?”

“कुठला डबा?” ईराने सावकाश माझ्याकडे वळून पाहिलं. डबा माझ्या बगलेत होता. तिचे डोळे भरून आले. ती रागावली असती तर मला चाललं असतं, मला सवय आहे. पण ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मी फक्त एक दिवस मागितला होता.” मला कुठे तोंड लपवावं कळेना. पोरीचं आयुष्य ठरायच्या दिवशी मी तिच्या वाटेत सपाता घालून उभा होतो.

तेवढ्यात कंडक्टर आले. पांढरे हातमोजे, डब्यात शिरतानाच सगळ्यांना वाकून नमस्कार. मी प्लॅटफॉर्म तिकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, दातांतून बारीक श्वास आत घेतला आणि ईराचं जपानीतलं निवेदन ऐकून घेतलं. (त्यात ‘चिची’ हा शब्द बऱ्याचदा आला. म्हणजे ‘माझे वडील’. प्रत्येक वेळी तो म्हणताना ती कपाळाला हात लावत होती.) जळगावला आमच्या तीर्थरूपांना एकदा टीसीने असं धरलं होतं, तेव्हा पाचोऱ्यापर्यंत दोघांचं भांडण चाललं होतं. इथे कंडक्टरनी टोपी काढली आणि माझी माफी मागितली! दार बंद झाल्यामुळे माझी फार गैरसोय झाली म्हणून. मग परतीच्या गाडीत दाखवायला एक चिठ्ठी लिहून दोन्ही हातांनी मला दिली. चूक माझी, माफी त्यांची. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कुणी शिव्या देऊनही केलं नसतं.

मी अजून उभाच होतो. त्या मावशींनी हाताला धरून मला पलीकडच्या रिकाम्या सीटवर बसवलं, त्यांच्या डब्यातलं अर्धं जेवण झाकणात काढून दिलं आणि एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. त्यातल्या कशाकशाला मासा लागला असेल, हे मी विचारलं नाही. मुलीकडे लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं, बाईंनी नागोयापर्यंत माझ्याकडे लक्ष ठेवलं. डाव्या की उजव्या खिडकीतून माउंट फूजीही दिसला म्हणे. मी संत्रं खात होतो.

ईराने तोवर नवा बेत केला होता.

“ऐका. ताकुमी आणि त्याचे बाबा प्लॅटफॉर्मवर येणार आहेत. मी मागच्या दाराने उतरते. तुम्ही पुढच्या दाराने उतरा, खांबामागे उभे राहा. आम्ही गेलो की समोरच्या गाडीने परत जा. दे विल नेव्हर नो. ओके?”

“ओके.”

“बोलायचं नाही.”

“कुणाशीच?”

“बाबा!”

बेत उत्तम होता. फक्त ओगावा-सानांचा बेत त्याहून उत्तम होता. ताकुमीने त्यांना डब्याचा नंबर कळवला होता. सून कुठल्या दाराने उतरेल हे मात्र नक्की नव्हतं. तेव्हा पाहुणी चुकू नये म्हणून त्यांनी मागच्या दाराशी ताकुमीला उभं केलं, आणि पुढच्या दाराशी ते स्वतः उभे राहिले. काळा सूट, टाय. शेजारी आजी. नव्वदीच्या पुढच्या, राखाडी किमोनोतल्या, माझ्या कमरेला लागतील एवढ्या.

दार उघडलं आणि समोर ही दोघं! मी ओळखलं. फोटो पाहिले होते. आता खांब दूर होता आणि आजी जवळ. एवढ्या म्हाताऱ्या, एवढ्या पिकल्या केसांच्या बाई समोर उभ्या असताना जळगावच्या माणसाचं शरीर डोक्याला विचारत नाही. मी वाकलो. थेट पायांवर!

आजींना वाटलं, माणूस कोसळला. त्या चटकन खाली बसल्या आणि माझे खांदे धरले. त्या गुडघ्यांवर आल्या म्हणून मी आणखी खाली. मी कपाळ टेकवलं, तर त्यांनीही फरशीला कपाळ टेकवलं. नागोया स्टेशनचा फलाट, सकाळची गर्दी, आणि मधोमध आम्ही दोघं जमिनीवर! आजूबाजूचे लोक थांबले. स्टेशनचा एक कर्मचारी धावत व्हीलचेअर घेऊन आला. ती कुणासाठी हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो दुसरी आणायला परत धावला.

मी उठून ओगावा-सानांकडे वळलो. त्यांनी आधी माझ्या छातीवरच्या सापळ्याकडे पाहिलं. मग पायांकडे, सपातांवर हॉटेलचं नाव होतं. मग चेहऱ्याकडे. महिनाभर पाठ केलेलं एक इंग्रजी वाक्य त्यांच्याकडे होतं, ईरा घरात पाऊल ठेवील तेव्हा म्हणायचं. धक्का बसल्यावर माणसाच्या तोंडून पाठ केलेलंच बाहेर येतं. ते ताठ उभे राहिले आणि मला म्हणाले,

“वेलकम. फ्रॉम टुडे, धिस हाउस इज युवर हाउस.”

मी नागोया स्टेशनकडे एकदा सगळीकडून पाहिलं आणि म्हणालो, “थँक यू. व्हेरी बिग.”

मागून ईरा आणि ताकुमी धावत आले. ईराचा चेहरा पांढरा. मी तिला दिलेला शब्द मोडला होता, तोही चार सेकंदांत. मी खरोखर परत जायला निघालो होतो हो! पण आजींनी माझं मनगट धरलं होतं. एवढ्याशा म्हाताऱ्या बाई, पण पकड अशी की सोडवायला लाज वाटावी. मुलीचे वडील दारात येऊन परत जातात? ते जपानातही चालत नाही.

घर लहान, नीटनेटकं. दाराशी मी सपाता काढल्या, तर ओगावा-सानांनी मला घरात घालायला दुसऱ्या सपाता दिल्या. खोलीत आम्ही सगळे खाली बसलो आणि एकदम शांतता पसरली. पण ईराने डोळे वटारले होते, म्हणून मी बोललो नाही. डबा पुढे सरकवला.

आजींनी तो दोन्ही हातांनी उचलला, उघडला नाही, आणि कोपऱ्यातल्या लाकडी देव्हाऱ्यासमोर ठेवला. आत ताकुमीच्या आईचा फोटो होता. आजींनी छोटी घंटा वाजवली, हात जोडले. घरात आलेली भेट आधी गेलेल्या माणसांना दाखवायची, मग आपण खायची, असं ताकुमीने सांगितलं. नैवेद्य! मला वृंदाची आठवण झाली. हॉटेलच्या बाथरूमच्या उजेडात लाडू वळत बसलेली. तिला हे बघायला मिळायला हवं होतं.

मग डबा उघडायचा होता. तो उघडेना. वृंदाने डबा बंद केला की तो बंद होतो. आधी ताकुमीने प्रयत्न केला, मग मी. ओगावा-सानांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि दुसरी बाजू धरली. एक शब्द न बोलता आम्ही दोघं बाप समोरासमोर बसून एक डबा ओढत होतो. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. माझा सापळा ताणला गेला. आणि खाडकन झाकण निघालं! लाडू उडाले ते चटईवर, उशीखाली, आणि एक सरळ आजींच्या मांडीत. त्यांनी तो उचलला, पाहिला आणि खाल्ला. मग आजी हसायला लागल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ओगावा-सान हसले नाहीत. त्यांनी ताकुमीला काहीतरी विचारलं. ताकुमीने ईराकडे पाहिलं.

“ते विचारतायत, तुझे वडील अचानक का आले?”

ईराने खोल श्वास घेतला. आता ती काहीतरी सभ्य कारण सांगेल, अशी माझी आशा होती. पण माझी पोर खरं बोलते. तिने सगळं सांगितलं, जपानीत, अगदी हावभावांसह. बॅग, चेन, शेजारच्या बाई, दोन बोटं. ओगावा-सान मान खाली घालून ऐकत राहिले. मग एकच प्रश्न.

“त्या बाई काय म्हणाल्या?”

“लक्ष ठेवते म्हणाल्या,” ईरा म्हणाली.

त्यांनी निघालेलं झाकण चटईवर नीट ठेवलं. मग हळूहळू बोलले, आणि ताकुमीने ते सांगताना त्याचाही आवाज जरा बदलला. “मी योकोहामाला नोकरीला निघालो, तेव्हा बाबा स्टेशनवर आले होते. ते म्हणतात, त्यांनाही गाडीत चढायचं होतं. पण माझ्याकडे एकच बॅग होती आणि ती मी स्वतःच उचलली.”

त्यावर मला काहीच बोलता आलं नाही. ईरा नंतर म्हणाली, की अठ्ठावीस वर्षांत तिने असं पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी ओगावा-सान मला पुन्हा स्टेशनवर घेऊन आले. स्वतःचे कॅनव्हासचे बूट त्यांनी मला दिले. ते मला बरेच लहान होते, पण तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही. हातात नागोयाचा जेवणाचा डबा, गाडीत वाचायला इंग्रजी नकाशा, आणि शिन-योकोहामाला फलाटावर वृंदा उभी. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लाडू पुरले का?”

रविवारचं जेवण झालं. होकार आला. पुढच्या वसंतात नागोयात लग्नही झालं, आणि त्याबद्दल मी देवाचे, त्या मावशींचे, कंडक्टरांचे आणि व्हीलचेअरवाल्या मुलाचे रोज आभार मानतो. अनोळखी माणसांनी माझी इतकी मोठी चूक इतक्या प्रेमाने क्वचितच सांभाळून घेतली असेल.

चँडलरला परत आल्यावर मात्र माझी छाती जरा फुगली. गणपतीत, पॉटलकला, कुणाच्या डोहाळजेवणाला, जिथे चार मराठी माणसं जमतील तिथे मी हा किस्सा सांगायला लागलो. शेवट ठरलेला: “काय आहे, त्या माणसाचं मन शब्दांनी वळणारं नव्हतंच. मी गाडीत अडकलो म्हणून ईराचं लग्न जमलं!” टाळ्या पडायच्या. आमचे एक देशपांडेकाका तर म्हणायचे, “अहो, याला म्हणतात दैवी योजना!” मी विनयाने मान झुकवायचो.

या दिवाळीत ईरा आणि ताकुमी इकडे आले. घरात पंचवीस माणसं. जेवणं झाल्यावर देशपांडेकाकांनी फर्माईश केली आणि मी रंगात येऊन किस्सा सांगितला. शेवटाला आलो, टाळ्या पडल्या. ताकुमीही वाजवत होता. मग तो आदराने, जरा वाकून, इंग्रजीत म्हणाला,

“बाबा-सान, गोष्ट फार छान सांगता. फक्त एक लहानशी दुरुस्ती करू का?”

“कर की!”

“माझ्या वडिलांनी होकार आदल्या संध्याकाळीच दिला होता. ईराला स्वतः सांगायचं म्हणून ते थांबले होते.”



“मग त्या दिवशी का नाही सांगितलं?” मी विचारलं.

ताकुमीने ईराकडे पाहिलं. ईराने छताकडे पाहिलं.

“तुम्हाला भेटल्यावर ते म्हणाले, मला विचार करायला आणखी दोन दिवस द्या.”

पंचवीस माणसं इतकी हसली, की देशपांडेकाकांना पाणी द्यावं लागलं. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता. रात्री भांडी आवरताना मी वृंदाला म्हणालो, “मला बघूनही त्या माणसाने हो म्हटलं गं! त्याचे उपकार मी सात जन्मांत फेडू शकणार नाही.”

वृंदा म्हणाली, “रांगेत उभे राहा. आधी माझ्या वडिलांचे फेडा.”